फुफूची यासीन

माझ्या फुफूचा, म्हणजे वडिलांच्या धाकट्या बहिणीचा, मोबाईलवर कधीच भरवसा नव्हता. माझं पोट मोबाईलच्या दुरुस्तीवर चालतं हे ठाऊक असूनही नव्हता. "ज्याला महिन्यातून दोनदा दवाखाना लागतो ते जनावर पाळूच नये," असं ती माझ्याच दुकानात, माझ्याच स्टुलावर बसून माझ्याच गिऱ्हाइकांना सांगायची. गिऱ्हाईक हसायचं आणि मी दातओठ खात खाली पडलेला स्क्रू शोधायचो. तीच फुफू साठी उलटल्यावर रोज सकाळी फोन घेऊन भिंतीकडे तोंड करून बसायला लागली. त्यातून आमच्या घरात जे घडलं त्याचे उपकार मी जन्मात विसरणार नाही. उपकार फुफूचे, थोडे त्या फोनचेही, आणि ज्याने माणसाला कान आणि जीभ दिली त्याचे सगळ्यात जास्त.

फुफू काजवाली आहे. शर्टाची काजं आता मशीनवर होतात, पण भारी कोटाचं काज अजून हातानेच करावं लागतं, आणि आमच्या गल्लीच्या टोकाला जो शिलाईचा कारखाना आहे तिथे ते काम चाळीस वर्षं तीच करत आली आहे. काजाचा कायदा असा की आधी कापड कापायचं आणि मग कडेने टाके घालायचे. कापताना सूतभर चुकलं तर अख्खा कोट वाया. त्यामुळे अर्धवट काज ती कुणालाच दाखवत नाही, कारखान्याच्या मास्टरलाही नाही. "झालं की बघा," एवढंच. हा तिचा स्वभाव लक्षात ठेवा, घोडं पुढे तिथेच पेंड खाणार आहे.

दुकान मुळात अब्बांचं. आधी रेडिओ, मग टेप, मग टीव्ही, आणि त्यांची नजर मंदावून ते माझ्या हाती आल्यावर मोबाईल. अब्बा हाफिज. अख्खं कुराण त्यांना तोंडपाठ. पहाटे फजरची नमाज झाली की ते कुराणातली यासीन ही सूरह, म्हणजे अध्याय, मोठ्याने म्हणायचे, सगळ्या त्र्याऐंशी आयती, आणि मगच शटर वर जायचं. समोरच्या घरातली म्हातारी त्यांच्या आवाजावर गॅस पेटवायची. एखाद्या दिवशी अब्बा सर्दीने आजारी असले तर त्या घरात चहाला उशीर.

त्यांच्या दुकानाचा एक नियम होता. टेप दुरुस्त झाला की तो चालतो का हे बघायला खणातली गाण्यांची कॅसेट लावायची. गिऱ्हाइकाने मशीनमध्येच विसरलेली तिलावतीची, म्हणजे कुराणपठणाची कॅसेट चुकूनही नाही. "चाचणी म्हणजे काय? लाव, ऐक, बंद कर," अब्बा म्हणायचे. "आयत मधेच तोडायला ती काय वायर आहे?" खणातली ती कॅसेट इतकी झिजली होती की तिच्यातली गायिका शेवटी पुरुषाच्या आवाजात गायला लागली, पण नियम मोडला नाही.

दोन वर्षांपूर्वी अब्बांना पक्षाघाताचा झटका आला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. समजत सगळं होतं, डोळ्यांत दिसायचं, पण तोंडातून फक्त "त... त..." निघायचं. आम्ही त्यांचा पलंग खिडकीजवळ घेतला. चमच्याने भरवायचं काम फुफूने आपल्याकडे घेतलं, कारण माझ्या हातून सांडायचं आणि सांडलं की मी स्वतःवरच चिडायचो.

त्यांना बरं वाटावं म्हणून तिसऱ्याच आठवड्यात मी उंटावरचा शहाणा एक उद्योग करून बसलो. फोनवर फुकटातला व्हिडिओ शोधला, यासीन लावली, फोन त्यांच्या उशाशी पाण्याच्या पेल्याला टेकवला आणि खाली दुकानात गेलो. दहा मिनिटांनी वर पेला फुटल्याचा आवाज झाला. धावत गेलो तर पलंगावर पाणी, जमिनीवर फोन, आणि फोनमध्ये एक बाई केसांचं तेल लावून नाचत होती. आयत अर्धवट तोडून मधे जाहिरात घुसली होती. अब्बांनी डाव्या हाताने सगळं भिरकावून दिलं होतं.

फुफू दारात उभी होती. "चाचणीची कॅसेट वेगळी ठेवणाऱ्या माणसाचा मुलगा ना तू?" ती म्हणाली. मी खाली वाकून काचा गोळा करायला लागलो.

अब्बांना बोलायला शिकवायला एक बाई आठवड्यातून दोनदा यायच्या. पेला, चमचा, चप्पल अशी चित्रं दाखवायच्या. एकदा जाता जाता त्या म्हणाल्या, "पूर्वीपासून पाठ असलेल्या गोष्टी कधीकधी वेगळ्या वाटेने बाहेर येतात. आकडे, गाणी, प्रार्थना. पण मागे लागू नका हं." शेवटचं वाक्य मी ऐकलंच नाही. त्याच संध्याकाळी अब्बांच्या समोर बसून मी यासीनची सुरुवात केली आणि शाळामास्तरासारखा थांबून त्यांच्याकडे बघत राहिलो. त्यांनी तोंड उघडलं. हनुवटी हलली. "त... त..." आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. मग त्यांनी मान भिंतीकडे फिरवली. त्यानंतर कुणीही त्यांच्यासमोर कुराणाचा शब्द काढला की मान भिंतीकडे. महिन्याभरात ते जेवणालाही मान फिरवायला लागले. त्या बाई मला जिन्यात म्हणाल्या, "त्यांनी मनातून सोडून दिलं तर माझ्या हातात काही राहत नाही."

हे मी घरात सांगितलं तेव्हा फुफू कोटाचा धागा मेणातून ओढत होती. हात न थांबवता म्हणाली, "हाफिजाला मरणाची भीती नसते एवढी विसरण्याची असते. भाईजानना वाटतंय, आत होतं तेही गेलं. तुम्ही सगळे त्यांना 'म्हणा, म्हणा' करताय. त्यांच्यासमोर बसून म्हणणारं एकतरी आहे का या घरात? मी म्हणेन. अख्खी यासीन. न बघता."

मला हसू आलं. म्हणजे मी हसलोच. "फुफू, तुला अलिफ-बेच्या पुढे अक्षर येत नाही."

"अक्षर येत नाही," ती म्हणाली, "कान आहेत ना?"

अक्षर का येत नाही, तेही सांगायला हवं. लहानपणी ती मकतबात, म्हणजे मशिदीतल्या शाळेत, चार महिने गेली. मग तिच्या आईने अंथरूण धरलं आणि घर तिच्या अंगावर आलं. अब्बांना मात्र हिफ्ज करायला, म्हणजे कुराण पाठ करायला, दूरच्या मदरशात पाठवलं. ते सुट्टीत घरी यायचे तेव्हा पाठ केलेलं ताजं ठेवण्यासाठी त्यांना कुणाला तरी ऐकवावं लागायचं. घरात मोकळं कोण? कोणीच नाही. मग कणीक मळणाऱ्या सात वर्षांच्या बहिणीला ते ओढून आणायचे. "मला काय कळतंय? तू चुकलास तरी समजणार नाही," असं ती म्हणायची. ते म्हणायचे, "कळायला नकोच. तू नुसती समोर बस. समोर कुणी असलं की चूक होत नाही." तास तास ती पिठाच्या हातांनी समोर बसायची. ही गोष्ट तिने मला शंभर वेळा सांगितली असेल, आणि शंभरही वेळा कौतुकाने. मला मात्र दर वेळी राग यायचा की जी समोर बसली तिला कुणी का नाही शिकवलं. ती म्हणायची, "राग तुझ्याकडे ठेव, मला कामं आहेत."

मी कामाला लागलो. दुकानात एक जुना, चांगल्या स्क्रीनचा फोन पडून होता. त्यातलं सिम काढलं, गाणी, खेळ, व्हिडिओ, निरोपांच्या घंट्या, सगळं उडवलं. कुराणाचं, जाहिराती नसलेलं, चांगलं अ‍ॅप टाकलं. त्यात एकेक आयत हवी तितक्यांदा परत परत लागते. चार-पाच कारींचे, म्हणजे पठण करणाऱ्यांचे, आवाज होते. त्यातला मला सगळ्यात गोड वाटला तो मीच निवडला. हेही लक्षात ठेवा.

फुफूने फोन हातात घेण्याआधी वुजू केलं, नमाजेआधी धुतात तसे हातपाय-तोंड धुतले. ओल्या बोटाने स्क्रीन दाबली. काहीच झालं नाही. परत दाबली. "बिघडलाय," ती निकाल देऊन मोकळी झाली.

"फोन नाही बिघडला, हात ओले आहेत. पूस आधी." आणि मग मी शहाणपणा केला, "शिवाय फोनला हात लावायला वुजू लागतंच असं नाही. इमामसाहेबांनीच सांगितलंय, काच आहे ती."

"काचेमागे काय आहे?"

"... अल्लाचं कलाम, त्याचे शब्द."

"मग?" ती पदराला हात पुसत म्हणाली. "नियम त्यांनी सांगितला, अदब माझी मी बघते."

तिच्या अदबीने माझ्या नाकी नऊ आणले. फोन जमिनीजवळच्या प्लगला लावायचा नाही, म्हणून मला फळीच्या उंचीवर नवा प्लग काढावा लागला. फोनला तिने कोटाच्या उरलेल्या कापडाची पिशवी शिवली, तिला एक बटण आणि हाताने केलेलं काज. आमच्या घरात एवढं सुबक काज कुणाच्या कपड्याला नाही. घरात कुणी शेजारणीची उणीदुणी काढायला लागलं की ती आधी उठून बटण लावायची. आणि आयत अवघड जात होती तेव्हा मी आवाजाचा वेग कमी करून दिला, तर ऐकताच तिने कपाळाला हात लावला. "कारीसाहेबांना पडसं झालंय का? त्यांनी जसं म्हटलंय तसं ठेव. मी त्यांच्या मागे धावेन, त्यांना कशाला लंगडं करतोस?"

रोज फजरनंतर अर्धा तास आणि दुपारी कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास. दुपारी ती तयार कोट टांगलेल्या खोलीत बसायची, कारण तिथे लोकरीच्या कपड्यांत मशीनचा आवाज मुरतो. टाके घालताना ती कधीच ऐकत नसे. "कलाम चालू असताना लक्ष सुईत ठेवू की त्यात? दोघांनाही राग येईल." मास्टर सुरुवातीला दारातून ओरडायचा, "मावशी, ते निळ्या कोटाचं..." की फुफूचा पंजा वर. आयत पूर्ण व्हायची, फोन थांबायचा, मग पंजा खाली. "हं, बोला." दोन महिन्यांनी मास्टरच इतरांना दारात अडवायला लागला. "थांबा जरा, मावशीचं वाक्य पुरं होऊ द्या," म्हणायचा आणि मग हळूच विचारायचा, "किती झालं, मावशी?" ती म्हणायची, "बाही लागली, कॉलर राहिलीय."

त्याच अ‍ॅपमध्ये आणखी एक सोय होती. आपण म्हणत गेलो की फोन ऐकतो आणि बरोबर शब्द हिरवा करतो, चुकला की लाल, आणि हातात गुरगुरतो. फुफूला अक्षर कळत नव्हतं, रंग कळत होता. लाल म्हणजे उसव, हिरवं म्हणजे पुढचा टाका. अकराव्या महिन्यात ती त्र्याऐंशी आयती सुरुवातीपासून शेवटपर्यंत म्हणाली आणि स्क्रीनवर लाल ठिपकाही नव्हता. मी भिंतीआडून ऐकत होतो. मला वाचता येतं, पण पाठ नाही, त्यामुळे मलाही ते अस्सलच वाटलं. माझे डोळे भरून आले आणि ते लपवायला मी विनाकारण बायकोवर खेकसलो.

इमामसाहेबांनी मात्र तिला गल्लीत गाठलं होतं. "आपा, फोनवर शिकताय, फार आनंद आहे. पण अधूनमधून एखाद्या जाणत्या माणसाला ऐकवत जा. कुराण एका तोंडातून दुसऱ्या तोंडात आलंय."

"ऐकवणारच आहे. ज्याला ऐकवायचंय त्यालाच."

"त्याआधी एकदा..."

"अर्धवट काज मी दाखवत नाही, इमामसाहेब," फुफू म्हणाली आणि चालू लागली.

तो दिवस साधा होता. वीज जाणार म्हणून कारखान्याला सुट्टी होती. फुफूने धुतलेले कपडे घातले, अब्बांच्या पलंगासमोर खुर्ची ओढली आणि खाकरली. त्या खाकरण्यानेच अब्बांना सुगावा लागला. मान भिंतीकडे.

"भाईजान," ती म्हणाली, "तुम्ही काही म्हणायचं नाही. तुम्ही नुसते समोर असा. समोर कुणी असलं की चूक होत नाही."

तिने डोळे मिटले आणि सुरुवात केली. मी आणि बायको दारात उभे. फुफूचा आवाज काही गोड नाही, चाळीस वर्षं मशीनच्या वर बोलून तो जाड झालाय. पण एकेक शब्द नीट, टाक्यासारखा शेजारी शेजारी. दहाव्या-बाराव्या आयतीला अब्बांचा कान हलल्यासारखा वाटला. विसाव्याच्या आसपास मान सरळ झाली. मग हळूहळू वळली, आणि ते तिच्या तोंडाकडे बघायला लागले. चौदा महिन्यांत त्यांनी कशाकडेच असं बघितलं नव्हतं. माझ्या बायकोने माझं मनगट घट्ट धरलं होतं.

निम्म्याच्या पुढे एक लांब आयत आहे. फुफू तिच्यात शिरली, मधल्या एका जागी आली, आणि तिथून चार शब्द मागे जाऊन तेच शब्द पुन्हा म्हणून, न थांबता, पुढे निघाली.

अब्बांचा डावा हात पलंगावर आपटला. तिचे डोळे मिटलेले. ती पुढे चाललीच होती, तेवढ्यात आवाज आला. घोगरा, गंज चढलेला, पण अब्बांचा. आधी ज्या शब्दावरून ती मागे फिरली तो शब्द, आणि त्याच्यापुढचे तीन. स्वच्छ.

नमाजात हाफिज म्हणता म्हणता अडखळला की मागे उभा असलेला माणूस त्याला बरोबर शब्द देतो. त्याला लुकमा देणं म्हणतात. लुकमा म्हणजे घास. अब्बांनी आयुष्यात शेकडो जणांना तो दिला असेल.

फुफूने डोळे उघडले, आणि तुम्हाला वाटेल तिने आनंदाने किंकाळी मारली असेल. छे. तिचा चेहरा पांढरा पडला. "चुकलं?" ती म्हणाली.

अब्बांनी ते चार शब्द परत म्हटले.

ती आयतीच्या सुरुवातीला गेली आणि तिथून पुन्हा म्हणत आली. जिभेला सवय लागलेली, त्याच जागी ती परत मागे फिरली. अब्बांनी परत शब्द दिले, या वेळी जोरात आणि कपाळाला आठी घालून. ती आठी माझ्या चांगल्या ओळखीची. मी सर्किटवर चुकीच्या जागी कथलाचा डाग दिला की तीच आठी यायची. बापाच्या रागाचा एवढा आनंद मला कधी झाला नव्हता.

तिसऱ्या वेळी त्या जागी ती सावकाश गेली, चाचपत, आणि सरळ पार झाली. अब्बांनी मान हलवली आणि गप्प झाले.

मी तिच्या खांद्याशी वाकून कुजबुजलो, "फुफू, अजून एकदा चूक ना. एकदाच."

तिने माझ्याकडे असं बघितलं की मी पाच वर्षांचा झालो. "कलामात? मुद्दाम? तोबा कर आधी."

आणि तिने उरलेल्या छत्तीस आयती एकही चूक न करता म्हटल्या. प्रत्येक आयतीला मी मनात म्हणत होतो, घसर गं बाई, कुठेतरी घसर. ती घसरली नाही आणि अब्बा बोलले नाहीत. शेवटी ते रडले, पण भिंतीकडे तोंड करून नाही. दुपारी त्यांनी पूर्ण वाटी संपवली.

संध्याकाळी मी फोन घेऊन बसलो. ती आयत लावली. कारीसाहेबांचा गोड आवाज, आणि बरोबर त्या जागी त्यांचा श्वास संपलेला. मधेच श्वास तुटला की चार शब्द मागे जाऊन परत जोडून घ्यायचं, हीच रीत आहे. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. पण फुफूला अक्षर वाचता येत नव्हतं. तिने ते मागे जाणंही आयतीचाच भाग समजून, श्वास न घेता, अकरा महिने घोटलं होतं. मशीननेही ते श्वासापायी मागे जाणं समजून हिरवं केलं होतं. आणि तो आवाज निवडलेला कुणी? मी. आयुष्यात माझी एवढी कामाला आलेली चूक दुसरी नाही.

फुफूला मात्र त्यात काही गंमत वाटली नाही. अकरा महिने कलाम चुकीचं घोटलं म्हणून ती इमामसाहेबांकडे गेली. त्यांनी समजावलं की नकळत झालेल्याचा हिशेब धरत नाहीत, उलट शिकण्याच्या कष्टाचं पुण्य पदरात आहे. तरी दोन दिवस पिशवीचं बटण उघडलं नाही. मला वेगळीच काळजी. बोलायला शिकवणाऱ्या बाईंना सगळं सांगितलं तर त्या खुर्चीतून उठल्याच. "त्यांना बोला म्हटलं तेव्हा वाट बंद होती. चूक सहन झाली नाही तेव्हा आपसूक उघडली. आता रोज तसंच बसवा!" पण बसवणार कसं? यासीन फुफूला आता बिनचूक येत होती, आणि मुद्दाम चुकणार नाही म्हणजे ती चुकणार नाही. मी दोन दिवस गिऱ्हाइकांवर उगाच ओरडत होतो.

तिसऱ्या सकाळी वुजू करून, हात खडखडीत कोरडे पुसून तिने फोन काढला. भिंतीकडे नाही गेली. सरळ अब्बांसमोर खुर्ची ओढली.

"आता काय?" मी विचारलं.

"पुढची सूरह. पहिल्या आयतीपासून. इथेच बसून."

"म्हणजे कच्चं काज दाखवणार? तू?"

"दाखवणार." तिने मान वर केली नाही. "तिथेच माझं चुकलं होतं. मुद्दाम चुकणं गुन्हा, शिकताना चुकणं नाही. आणि नव्या सूरहमध्ये मी अल्लाच्या मेहेरबानीने भरपूर चुकेन, तू काळजी करू नकोस."

आणि ती चुकली. मनापासून शिकता शिकता, एका सकाळी सात सात वेळा चुकली. फोन आयत ऐकवायचा, ती म्हणायची, आणि चूक फोनने दाखवायच्या आत पलंगावर हात आपटायचा. पहिल्या महिन्यात एकेक शब्द, मग अर्धी आयत. हल्ली ती अडकली की अब्बा चार-चार आयती पुढे निघून जातात आणि फुफू फोन बंद करून मांडीवर हात ठेवून ऐकते. समोरची म्हातारी म्हणते, आवाज पूर्वीसारखा नाही, पण गॅस पेटवण्यापुरता पुरतो. पाणी मागायला अब्बांना अजून शब्द सापडत नाही, ते बोटच दाखवतात. मी सकाळी शटर उघडायच्या आधी जिन्यात दोन मिनिटं उभा राहतो आणि ऐकतो. एवढं मिळालं, ते आमच्या लायकीपेक्षा जास्त आहे, असंच मला रोज वाटतं.

गेल्या आठवड्यातली गोष्ट. मास्टरकडे घाईचं काम आलं होतं, फुफूला लवकर जायचं होतं. डबा हातात घेऊन ती दारातूनच म्हणाली, "भाईजान, आज दुपारी बसू हं," आणि वळली.

पलंगावर हात आपटला. आम्ही दोघांनी मागे बघितलं. अब्बांनी ओठ जुळवले, सोडले, परत जुळवले. हा शब्द कुठल्याही सूरहमधला नव्हता, कुणी पाठ करून घेतलेला नव्हता, फोनमध्ये नव्हता.

"स... समोर," अब्बा म्हणाले. आणि खुर्चीकडे बोट केलं. "बस."

फुफूने डबा खाली ठेवला, पदर डोळ्यांना लावला आणि माझ्यावर ओरडली, "बघत काय उभा राहिलास? तुझ्या त्या जनावरावरून मास्टरला कळव, म्हणावं आज काजं उशिरा होतील." आणि ती जाऊन आपल्या भावासमोर बसली.